खतंग्यात धान होत नाही

माझ्या फोनवर रोज सकाळी दात घासायच्या वेळेला एक आकडा येतो. आज ‘उणे २९’ आला. नमस्कार नाही, शुभ सकाळ नाही, गुलाबाचं फूल नाही. लग्नानंतर बायकोनं असा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी माझ्या चष्म्याचा नंबर कळवलाय आणि मी तो तिच्यापासून लपवून ठेवलाय. मी सांगितलं, हे खतंग्याचं आजचं तापमान आहे आणि पाठवणारे काकाजी दिघोरीला माझे घरमालक होते. त्यावर तिनं विचारलं, खतंगा लाखांदूर तालुक्यातच आहे का. तिला हसायचा मला अधिकार नाही, कारण सुरुवातीला मीही साकोलीच्या बाजूला कुठंतरी तो शोधला होता.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक दिघोरीला झाली. मी सांगलीकडचा. भंडारा जिल्ह्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तिथं तांदूळ पिकतो आणि आमच्याकडचा माणूस तिथं उतरताना बदलीचा अर्ज खिशात घेऊनच उतरतो. राहायला खोली शोधत काकाजींच्या ओसरीवर गेलो. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, अंगानं काटक, कानांवर केसांची झुडपं. त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही.

“जनावरायचे डाक्टर काय?”

“हो.”

“रेनडिअर पाह्यला काय कधी?”

“चित्रात पाहिलाय.”

“त्याले खुरकूत होते काय?”

मी जरा विचार करून म्हणालो, खूर दुभंगलेला आहे त्या अर्थी होत असणार. काकाजींनी आत तोंड करून हाक दिली, “अवं, च्या ठेव. मानूस कामाचा हाय.” भाडं ठरवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते काकूंनी चहाचा कप हातात देता देता ठरवलं.

खोली चांगली होती, पण जमिनीपासून कमरेइतकी वर, दगडी खांबांवर उभी होती. असं का, हे मी विचारलं. काकाजी म्हणाले, “खतंग्याले समदी घरं खांबावरच असतेत. घराची गरमी जमिनीले लागली का खालचा बरफ पघळते आन् घर खचते.” मी विचारलं, इथं कुठं बर्फ आहे. ते म्हणाले, “इथं खाली कोंबड्या ठेवता येतेत.” मी तिथं राहिलो तोवर खाली कोंबड्या आणि वर मी अशीच व्यवस्था होती.

खतंगा रशियाच्या पार उत्तरेला, तैमिर नावाच्या द्वीपकल्पावर आहे. नदी आहे, तिचंही नाव खतंगाच. हिवाळ्यात कित्येक आठवडे तिथं सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात मावळायचं नाव घेत नाही. झाडं असलीच तर खुरटी. जमीन कायमची गोठलेली, खणता खणता कधी हजारो वर्षांपूर्वीचा केसाळ हत्ती हाती लागतो. हे सगळं मला पाठ आहे, कारण माझ्या भाड्यात ते धरलेलंच होतं.

या वेडाचं मूळ एका बदकात होतं. गावच्या तलावात हिवाळ्यात लांबून बदकं उतरतात. फार पूर्वी ढीवर पाऱ्यातल्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतल्या, एका म्हाताऱ्याच्या मासळीच्या जाळ्यात त्यातलं एक अडकलं. त्याच्या पायात धातूचं कडं होतं, कड्यावर आकडे. आकडे आहेत म्हणजे वस्तू सरकारी, आणि सरकारी वस्तू सरकारी माणसाकडं जमा करायची, या सरळ हिशेबानं म्हातारा बदक घेऊन कालवा निरीक्षकांकडं आला. काकाजींनी इकडंतिकडं पत्रं धाडली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की हे कडं तैमिरमध्ये चढवलेलं आहे. तेव्हापासून ते कडं काकाजींच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. बदकाचं पुढं काय झालं, हे मी विचारलं की काकाजी चष्मा पुसायला घेत. काकूंना मात्र संकोच नव्हता. “चवीले बरं होतं,” त्या म्हणाल्या. “पन यायले उत्तर आलं त्या दिवसापासून यायनं बदक सोडलं.”

उत्तर वाचून काकाजींना पहिला विचार आला तो असा: आपल्या तलावात अंघोळ करणारं पाखरू ज्या गावाहून येतं, ते गाव आपल्याला ठाऊक नाही, ही काही बरी गोष्ट नव्हे. पाहुण्याला आपण विचारतोच, कोणतं गाव, पाऊसपाणी कसं आहे, घरी कोण कोण. त्यांनी तेवढंच विचारायला सुरुवात केली. फरक इतकाच की ते थांबले नाहीत.

मे महिन्यात दिघोरीला गाईसुद्धा सावली सोडत नाहीत. त्या दिवसांत काकाजी डोक्यावर ओला दुपट्टा टाकून ओसरीवर बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला बोलावून सांगायचे, “उणे सहा.” ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे, ओसरीवर टेकायचे, “काय म्हनते जी खतंगा?” विचारायचे, उणे काहीतरी ऐकायचे आणि घाम पुसत पुढं जायचे. पण एका जुलैत तिथं ऊन तापलं, आकडा तिशीच्या वर गेला. काकाजी जेवले नाहीत. छत्री घेऊन आवारात फेऱ्या मारू लागले.

“आपल्या इथं सत्तेचाळीस होते तवा तुमाले काई नाई वाटत,” काकू म्हणाल्या.

“आपल्याले सवय हाय. त्यायच्या घरात पंखे नाईत.”

संक्रांतीला ते तिळगूळ वाटत नसत. खतंग्याला सूर्य परत यायला जानेवारी सरत येतो, तेव्हा वाटत. सगळ्या गावाचे तिळगूळ खाऊन संपल्यावर हे घरोघर जाऊन हातावर वडी ठेवत आणि म्हणत, “दिसला.” कुणी विचारत नसे कोण दिसला. देवधर्माचं काहीतरी असेल म्हणून लोक वडी कपाळाला लावून तोंडात टाकत.

त्या मुलखात डोल्गन नावाचे लोक आहेत. त्यांचं घर घसरगाडीवर बांधलेलं असतं आणि रेनडिअर ते ओढत नेतात. घर आणि वाट एकाच वेळी, ही कल्पना काकाजींच्या इतकी मनात भरली की त्यांनी जुन्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, लाकडी चौकट ठोकली, वरून ताडपत्री आणि आतून गोणपाट लावलं, आणि आपलं फिरतं घर धानाच्या राखणीसाठी बांधावर नेऊन उभं केलं. एका दुपारी ते आत झोपले होते. शेजाऱ्यानं बंडी आदल्या दिवशी मागून ठेवली होती. त्यानं बैल जुंपले, मागं धानाची पोती बांधली आणि चालू लागला. काकाजींना जाग आली तेव्हा ते लाखांदूरला गिरणीपुढच्या रांगेत होते. ताडपत्री वर करून त्यांनी बाहेर पाहिलं. हा प्रसंग गाव हसत सांगतं, पण काकाजी त्यात मोठं यश मानायचे. ते म्हणायचे, घर चाललं आणि झोप मोडली नाही, म्हणजे बनावट बरोबर आहे.

ढीवर पाऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याशी मात्र त्यांचं दर हिवाळ्यात भांडण व्हायचं. काकाजींनीच कधीतरी कौतुकानं त्याला सांगून ठेवलं होतं की तैमिरचे नगानासन लोक पूर्वी हंस पिसं गाळतात त्या दिवसांत, त्यांना उडता येत नाही तेव्हा, होड्यांनी घेरून जाळ्यात हाकत. म्हाताऱ्यानं ते बरोबर लक्षात ठेवलं.

“तिथं ते पोटभर खातेत,” तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून म्हणायचा, “आन् इथं आमी निसतं पाहाचं. हा कोनता न्याय जी?”

“तिथं ते घरचे हायत. आपल्या इथं पाहुने हायत.”

“मंग पाहुन्यायनं माहे मासे काहून खाव?”

काकाजी चष्मा पुसायला घेत.

आता मुलीचं सांगतो. काकाजींना एकच मुलगी. तिला पाढे यायच्या आधी तैमिरचे लोक यायला लागले होते. नेनेत्स, एनेत्स, नगानासन, डोल्गन, इवेंकी. हे पाच शब्द ती लहानपणी टिकरीचा खेळ खेळताना, लंगडी घालत, आखलेल्या घराघराला म्हणायची, आणि तिच्याबरोबर खेळलेल्या दिघोरीच्या चार-दोन बायकांना ते अजून येतात. मी पाहिली तेव्हा ती कॉलेज संपवून घरी होती. बापाचं सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी हळूच एखादा असा प्रश्न विचारायची की काकाजींना दोन दिवस पुरायचा. तिचं लग्न तुमसरच्या एका राईस मिलवाल्याच्या मुलाशी ठरलं. स्थळ तोलामोलाच्या वरचं होतं. मुलगा सरळ होता आणि सासरे भारदस्त होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, आणि मिलच्या कोंड्यामुळे भुवयाही पांढऱ्या.

लग्नाची पंगत बसली होती. मीही त्या ओळीत होतो. काकाजी स्वतः भाताचं घमेलं घेऊन व्याह्यांना आग्रह करत होते आणि आग्रहाच्या भरात खतंग्याला पोचले. तिथल्या लग्नात रेनडिअर कसे देतात, हे सांगू लागले. व्याह्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग शांतपणे विचारलं, “तिथं धान होते काय?”

“नाई जी. धान कसं होईन? जमीनच बरफ हाय.”

“गहू?”

“नाई.”

“मंग तिथं मानूस नसन.”

“नसन मंजे?”

“ईवाई, सोपी गोष्ट हाय. भात नाई तं मानूस नाई. कोनी तरी तुमाले गंमत करून सांगतली. नकाशात तो भाग पांढरा हाय. पांढरा मंजे पडीत.”

आजूबाजूचे हसले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. साऱ्या पंगतीला व्याह्यांचंच म्हणणं पटलं होतं, कारण भाताशिवाय माणूस ही कल्पना त्या जिल्ह्यात खरोखरच कुणाच्या डोळ्यांपुढं उभी राहत नाही. काकाजींनी घमेलं खाली ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “तिथं लोक रायतेत असं तुमी आपल्या तोंडानं म्हनाल, तवाच मी तुमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवीन.” व्याही म्हणाले, “ठीक हाय,” आणि दही मागितलं. मुलगी तोपर्यंत सासरची झालेली होती.

वर्ष गेलं. काकाजी तुमसरला गेले नाहीत. मुलगी सणाला नवऱ्याबरोबर आली, गेली. मग हिवाळ्यात बातमी आली की तिला दिवस आहेत, सातवा लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, यात वादच नव्हता. वाद होता आणायला कोण जाणार याचा. काकूंनी आपल्या भावाला पाठवलं. व्याह्यांनी त्याला जेवू घातलं, पान दिलं आणि परत पाठवलं. निरोप एवढाच होता: “बापानं यावं. उंबऱ्याच्या आत येऊन, रीतीनं लेक घेऊन जावं. आमी कायले अडवतो?” मुलगी फोनवर आईला नुसतं तलावाचं, बदकांचं विचारत राहिली, असं काकूंनी मला सांगितलं. त्या दिवसापासून काकूंचं कामात लक्ष लागेना.

काकाजींनी आपल्या न जाण्याला एक शास्त्रीय आधार शोधून काढला. आम्ही तिघं संध्याकाळी तलावाच्या पाळीवर उभे होतो. बदकं आली होती, पाण्यावर आरामात बसली होती.

“पाहा डाक्टर,” काकाजी म्हणाले, “खतंग्यावरून इथवर. कोनी आनाले गेलतं काय? वेळ झाली का माहेरी आपोआप येतेत.”

काकू पदर खोचून बदकांकडं बघत होत्या. “अंडी कुठं देतेत ह्या?”

“अंडी तिथं. तैमिरले.”

“पयलं बाळंतपन तिथं होते मंजे माहेर तिथं झालं. इथं त्या सासरी येतेत.”

इतक्या वर्षांत हे काकाजींच्या ध्यानात आलं नव्हतं. ते तलावाकडं असं बघू लागले की जणू सगळी बदकं बसल्याजागी उलटी झाली.

“माहेरी जाताना तरी त्यायले कोन नेते?” ते म्हणाले. “स्वतःच जातेत.”

“त्यायले पंख हायत. माही पोरगी पोट घेऊन तुमसरवरून यीन, भंडाऱ्याले यष्टी बदलीन, लाखांदूरले बदलीन. तुमी पाळीवर उभे राहून मोजा, आली का नाई.”

मी बदकांकडं बघत राहिलो. अशा वेळी भाडेकरूनं बदकांकडंच बघावं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजारातून आल्यावर काकूंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शर्त मांडली. “तुमी म्हनता मानूस भाताबिगर रायते. राहून दाखवा. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत खतंग्याचं खान खा. राहाल तं मी स्वतः ईवायाले जाऊन सांगन, रायतेत लोक. नाई राहाल तं तुमी जाल.”

काकाजींना ही शर्त फारच आवडली. अशी संधी त्यांना जन्मात कुणी दिली नव्हती. “मंजूर,” ते म्हणाले आणि मला साक्षीदार नेमलं.

काकूंनी खतंगा कडक पाळला. तिथं पोळी नाही म्हणून पोळी नाही, भाकर नाही. तेल नाही. मिरची कुठून असणार, म्हणून मिरची नाही. चहावर गाडी अडली तेव्हा दोघं माझ्याकडं आले, रेनडिअर दूध देते काय, हे विचारायला. मी देते म्हणालो आणि काकाजींचा चहा वाचवला. पहिल्या दिवशी ताटात कच्च्या माशाचे पातळ काप आले, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कडक केलेले. हा प्रकार तिथं मोठ्या आवडीनं खातात, हे काकाजींनीच फार पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. काकूंनी ते सांभाळून ठेवलं होतं.

काकाजींनी मीठ लावलं, डोळे मिटले, खाल्ले. “एकदम ताकद येते,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बिनतिखटाचं उकडलेलं मटण त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. तिसऱ्या दिवशी मला ते ओसरीवर दिसले तेव्हा फोन हातात होता, पण आकडा सांगायला त्यांनी कुणाला बोलावलं नाही. आणि त्याच दुपारी काकूंनी घरात नवा चिन्नोर शिजवायला टाकला. तो तांदूळ शिजतो तेव्हा वास चार घरं जातो. काकूंनी खिडकीही उघडी ठेवली होती.

मी दवाखान्यातून जेवायला आलो तर खोलीचं दार उघडं. काकाजी माझ्या चुलीपाशी उकिडवे बसून कुकरच्या डब्यातून हातानं भात खात होते. सकाळचा, गार, कोरडा भात. वर वरण नाही, ताक नाही. मला बघून ते थांबले नाहीत. तोंडातला घास संपवून म्हणाले, “डाक्टर, तुमचा भात चिकट होते. पानी कमी टाकत जा.”

पायऱ्यांवर काकू येऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता हसतील, निदान बोलतील तरी. त्या पायरीवर बसल्या.

“मी नाई राहू शकत मंजे ते बी राहत नाईत, असं होत नाई,” काकाजी म्हणाले. दाढीला शीत लागलं होतं.

“ते मले ठाऊक हाय,” काकू म्हणाल्या. “तुमी म्हनलं तवापासून मले ठाऊक हाय. ईवायाले नाई ठाऊक. आन् पोरीचा सातवा लागला.”

काकाजींनी डब्यातला उरलेला भात संपवला, डबा धुऊन पालथा घातला आणि कपाटातलं धुतलेलं धोतर काढायला घरात गेले.

साक्षीदार म्हणून मलाही जावं लागलं. काकूंनी अनारशांचा डबा आणि चिन्नोरची पिशवी दिली. राईस मिलवाल्याकडं तांदूळ कशाला, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, रिकाम्या हातानं लेक आणत नाहीत. सबंध वाटेत काकाजी खिडकीबाहेर बघत बसले होते. जुडग्यातलं ते कडं बोटानं फिरवत होते. एकदाच बोलले, “नगानासन फार थोडे उरले हायत, डाक्टर.” मी बरं म्हणालो.

व्याह्यांचं घर मिलच्या आवारातच होतं. कोंडा सगळीकडं, तुळशीवर, मोटरसायकलवर, कुत्र्यावर. व्याही बैठकीत दिवाणावर बसले होते. त्यांनी उठून हात जोडले. “या ईवाई, या. आत या.”

काकाजी उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आतल्या दाराशी बायकांची हालचाल झाली आणि थांबली. मुलगी तिथंच कुठंतरी असणार, हे आम्हाला दोघांनाही कळलं.

व्याही माणूस वाईट नव्हता. पण पंगतीत बोललेला शब्द पंगतीतल्या सगळ्यांना आठवत होता, त्यांच्या मिलमधल्या हमालांनाही. ते मृदू आवाजात म्हणाले, “मंग काय म्हनता? रायतेत काय तिथं लोक?”

मी काकाजींकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. या माणसाला बंडीतून गिरणीवर नेलं तरी तो हरला नव्हता, सत्तेचाळीस डिग्रीत हरला नव्हता. मला एकदम वाटलं, आपणच ओरडून सांगावं की राहतात, पाच जातीचे लोक राहतात.

“नाई रायत,” काकाजी म्हणाले. “धान होत नाई, तं मानूस कसा राहीन. तुमचं खरं हाय.” आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

बैठकीत कुणी हसलं नाही. व्याहीसुद्धा जिंकल्यासारखे दिसेनात. ते दिवाणावरची चादर सारखी करू लागले.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन, एक हात कमरेवर ठेवून, सावकाश. बापापुढं आली, खाली वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच पायांवर पाणी घालू लागली आणि पाण्याच्या धारेबरोबर म्हणाली, “नेनेत्स, एनेत्स, नगानासन, डोल्गन, इवेंकी.” लहानपणी टिकरी खेळताना म्हणायची त्याच चालीवर. मग सासऱ्यांकडं वळून, पदर डोक्यावर सारखा करून ती म्हणाली, “बाबूजी, रायतेत लोक. माहे बाबा माह्यासाठी खोटं बोलले.”

काकाजी ओल्या पायांनी तसेच उभे राहिले. व्याही सुनेकडं वळले.

“मंग खातेत काय?” त्यांनी विचारलं.

“मासे. रेनडिअर. आन् आता तं दुकानं हायत तिथं. उन्हाळ्यात नदी मोकळी झाली का जहाज येते, त्यात तांदूळ बी येते.”

“तांदूळ?” व्याह्यांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. ते दिवाणावरून पुढं सरकले. “कोनता तांदूळ?”

मुलीनं बापाकडं पाहिलं. काकाजींनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता.

“पाहावं लागन,” काकाजी म्हणाले.

“उसना असन, उकडून वाळवलेला. थंड मुलखात उसनाच टिकते,” व्याही म्हणाले, आणि गादीवर जागा करून त्यांनी काकाजींचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. “आदी नाई काहून सांगतलं ईवाई? भात खातेत तं मंग रायतेत. मी नाई कुठं म्हनलं?”

अशा रीतीनं तैमिरला माणसं राहू लागली. जेवणाला काकूंचाच चिन्नोर शिजला होता. व्याह्यांनी एक घास घेऊन तांदूळ कोणत्या शेतातला ते विचारलं, आणि काकाजी इतकं जेवले की विहीणबाई कौतुकानं दारात येऊन उभ्या राहिल्या.

परतताना व्याह्यांनी गाडी देऊ केली होती, पण मुलीला यष्टीच हवी होती. भंडाऱ्याला गाडी बदलली. काकाजींनी तिला खिडकीची जागा दिली, पाठीशी आपला दुपट्टा घडी करून ठेवला, ड्रायव्हरजवळ जाऊन खड्डे बघून चालवा म्हणून सांगून आले आणि तिच्या शेजारी तिचा डबा मांडीवर घेऊन बसले. मी मागच्या सीटवर होतो. दोन्ही बाजूंना धान कापून झालेली बांध्यांची शेतं होती, मधेमधे तलाव, तलावात ती बदकं.

पवनी मागं पडल्यावर मुलीनं विचारलं, “बाबा, तिथं आज किती हाय?”

काकाजींनी सवयीनं फोन काढायला खिशात हात घातला आणि तसाच राहू दिला.

“आज पाह्यलंच नाई, माय,” ते म्हणाले.